डावीकडची दांडी

गुलाबराव वारले, तेव्हा त्यांच्या मागं दोन गोष्टी राहिल्या आणि त्यांचं काय करायचं हे घरात कुणालाच ठरवता येईना. एक त्यांची बायको गोजराबाई. दुसरी त्यांची मोटार.

जऊळका स्टेशनापासून दोन कोसांवर त्यांचं गाव. घर शेतकऱ्याचं, खाऊनपिऊन सुखी. शेतीचं सगळं धाकटे दौलतराव पाहत. थोरल्या गुलाबरावांना लहानपणापासून यंत्रांचा नाद. सव्वीस साली त्यांनी मुंबईहून चार सिलिंडरची अमेरिकन मोटार मागवली. ती आगगाडीनं जऊळक्याला आली, उघड्या वाघिणीवर, ताडपत्रीत बांधलेली. सोबत एक फिटर आला होता. आठ दिवस राहून त्यानं गुलाबरावांना मोटार शिकवली आणि तो परत गेला. त्यानंतर त्या मोटारीच्या स्टिअरिंगच्या चाकाला गुलाबरावांखेरीज कुणाचा हात लागला नाही.

गोजराबाईंना मूल झालं नाही. गुलाबरावांनी दुसरं लग्न केलं नाही, आणि कुठंही निघाले की बायकोला पुढच्या सीटवर, आपल्या डाव्या बाजूला बसवून निघत. गावात वर्षभर त्याची चर्चा झाली. मग चर्चा करणारे कंटाळले. मोटारीत दोघं फारसं बोलत नसत. एक तर वारा आणि इंजिनाचा आवाज, आणि दुसरं म्हणजे गुलाबरावांचं सगळं लक्ष इंजिन ऐकण्यात. गोजराबाई रस्ता बघत, आणि रस्त्याचा कंटाळा आला की नवऱ्याचे हात बघत. सात वर्षं त्यांनी ते हात पाहिले.

तेहतीस सालच्या भाद्रपदात गुलाबरावांना ताप आला आणि एकविसाव्या दिवशी ते गेले.

त्यानंतर गोजराबाईंना घरात कुणी त्रास दिला असं नाही. उलट सगळे जपूनच वागत. जाऊ रंगूबाई रोज दोन वेळा विचारायची, वहिनी, जेवल्या का. दौलतराव समोर आले की मान खाली घालून बाजूला होत. मुलं त्यांच्या खोलीपाशी आली की हळू बोलत. पण कुणी त्यांच्याशी भांडलं नाही, कुणी काही मागितलं नाही, कुणी काही सांगायला आलं नाही. गुलाबरावांचं नाव तर कुणी काढतच नसे. कधी कधी दुपारी गोजराबाई उगाच मोठ्यानं खोकत, आपला आवाज आपल्याला ऐकू यावा म्हणून.

महिन्यातून एकदा मात्र त्या पातूरला जात. त्यांचा भाऊ बदली होऊन तिथं शाळेत मास्तर झाला होता आणि म्हातारी आई ललिताबाई त्याच्यापाशी राहत होती. मोटार दारात उभीच होती, म्हणून दौलतरावांनी तांड्यावरचा सेवादास नावाचा ड्रायव्हर ठेवला. सेवादास पंचविशीचा, कारंज्याच्या एका जिनिंगमध्ये दोन वर्षं लॉरी चालवलेला, सरळ माणूस. आता गोजराबाई मागच्या सीटवर बसत आणि दोन्ही बाजूंचे पडदे सोडलेले असत.

पहिल्याच खेपेला त्यांच्या कानाला ते लागलं. पातूरहून मेडशीकडे परत येताना घाट चढावा लागतो. सेवादासनं पेट्रोल वाढवलं आणि इंजिनातून आवाज सुरू झाला, पत्र्याच्या डब्यात खडे घालून कुणीतरी जोरानं हलवावेत तसा. चढ संपला, गाडी सपाटीला लागली आणि आवाज गेला. पुढच्या चढावर पुन्हा आला. सात वर्षांत गोजराबाईंनी तो कधी ऐकला नव्हता. त्यांनी सेवादासला विचारलं तर तो म्हणाला, गाडी जुनी झाली बाई, चढावर वरडनारच.

दुसऱ्या खेपेला, तिसऱ्या खेपेला तेच. गोजराबाईंनी रंगूबाईमार्फत दौलतरावांच्या कानावर घातलं. दौलतरावांनी मोटार अकोल्याला एका कारागिराकडे धाडली. त्यानं इंजिनाचं डोकं उघडून आतली काजळी खरवडली, प्लग नवे बसवले, तेल बदललं. मोटार परत आली आणि जऊळक्याच्या अलीकडच्या चढावर पुन्हा डब्यातले खडे वाजले. मग दुसऱ्या कारागिरानं सांगितलं की आतली बेअरिंगं गेली आहेत, सगळं इंजिन खोलावं लागेल, त्यापेक्षा विकून टाका. दौलतरावांनाही तेच बरं वाटलं. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. दोघांनीही मोटार चढावर नेऊन पाहिली, आवाज ऐकला आणि नमस्कार करून निघून गेली. मोटार दारातच राहिली.

असं वर्षावर गेलं. चौतीस सालच्या कार्तिकात गोजराबाई पातूरहून परतत होत्या. घाटात आवाज फार झाला होता आणि रेडिएटरमधलं पाणीही तापलं होतं. मालेगावात शिरताना एक लहानसा चढ आहे. तो चढून मोटार वर आली तर रस्त्याच्या मधोमध एक माणूस हात वर करून उभा. सेवादासनं ब्रेक दाबला.

तो शालिग्राम होता. वाशीमकडच्या माळ्यांच्या घरचा. चौदा सालच्या मोठ्या लढाईत तो बसऱ्याला गेला होता आणि तिथं फौजेच्या मोटारी दुरुस्त करायच्या कारखान्यात त्यानं तीन वर्षं काढली होती. परत आला तेव्हा भावांनी मळा वाटून घेतला होता. वाटणी त्यालाही मिळाली, पण मोटेवर त्याचा जीव रमेना. त्यानं मालेगावच्या सडकेला पत्र्याचं एक छप्पर घातलं आणि तिथं बसला. आठ दिवसांत एखादी मोटार थांबायची. बाकी दिवस तो एकटाच. चाळिशी उलटली होती, लग्न राहून गेलं होतं. हे सगळं गोजराबाईंना नंतर सेवादासकडून कळलं. त्या वेळी त्यांना पडद्याच्या फटीतून दिसला तो तेलकट सदरा घातलेला, कानाजवळ केस पांढरे झालेला एक माणूस.

तो सेवादासला म्हणाला, "हे मोटार मी तीनदा आयकली जातानी. आज म्हटलं थांबवाच. इंजिन मार खाऊन राह्यलं, बाप्पा. तुले आयकू येत नाई का?"

सेवादासनं अकोल्याची हकीकत सांगितली. शालिग्रामनं मान हलवत ऐकली आणि मोटार छपराखाली घ्यायला लावली. गोजराबाईंना उतरायला सांगितलं नाही, पण एका मडक्यातलं थंड पाणी तांब्यात भरून पडद्याशी ठेवलं.

मग तो कामाला लागला. आधी त्यानं इंजिन सुरू करून नुसतंच चालू दिलं. आवाज नव्हता. गाडी उभीच ठेवून पेट्रोल वाढवायला लावलं. तरी आवाज नव्हता. त्यानं हातोडीच्या लांब दांड्याचं एक टोक इंजिनाच्या अंगाला लावलं, दुसरं कानाला, आणि डोळे मिटून बराच वेळ उभा राहिला. जागा बदलून पुन्हा ऐकलं. बेअरिंग गेलं असतं तर खालून जड ठोका आला असता, तो येत नाही, असं त्यानं सेवादासला सांगितलं. मग चाकांपुढे मोठाले दगड लावले, सेवादासला ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि गाडी गिअरमध्ये टाकून क्लच जरासा सोडायला लावला. इंजिनावर ओझं पडलं. गाडी थरथरली आणि डब्यातले खडे वाजायला लागले.

आता शालिग्रामनं लाकडी मुठीचा पेचकस घेतला आणि एकेका प्लगचं टोक इंजिनाच्या लोखंडाला टेकवत गेला. टेकवलं की ठिणगी मरून तो सिलिंडर बंद पडायचा. एखादंच बेअरिंग दोषी असतं तर त्याचा सिलिंडर बंद करताच आवाज थांबला असता. पण चारही आळीपाळीनं बंद करून पाहिले तरी उरलेल्या तिघांत आवाज होताच. म्हणजे दोष एकाचा नव्हता, चौघांनाही काहीतरी सारखंच छळत होतं. त्यानं टाकीतलं पेट्रोल तळहातावर घेऊन पाहिलं. ते लगेच उडून गेलं, मागं तेलकटपणा राहिला नाही, रॉकेलचा वास नव्हता. पेट्रोलही चोख.

शेवटी तो स्टिअरिंगपाशी आला. त्या मोटारीला स्टिअरिंगच्या खाली दोन बाजूंना दोन छोट्या दांड्या होत्या. उजवीकडची पेट्रोल कमीजास्त करायची. डावीकडची ठिणगीची, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी आधी पडावी की उशिरा, ते ठरवायची. प्रत्येक दांडी दात्यांच्या पट्टीवर सरकायची. डावीकडची दांडी अगदी खालच्या दात्यावर होती.

"हे कवा हलवतं तू?" शालिग्रामनं विचारलं.

सेवादास म्हणाला की चालू करताना वर घेतो, नाहीतर हँडल उलटं फिरून हात मोडतं. चालू झाली की पार खाली ओढतो आणि मग तिथंच असते. जिनिंगच्या लॉरीला असली दांडी नव्हतीच. अकोल्याच्या माणसानं असंच ठेव म्हणून सांगितलं होतं.

शालिग्रामनं दांडी वर ढकलली आणि पुन्हा इंजिनावर ओझं टाकायला लावलं. आवाज गेला. पण इंजिन मेल्यासारखं झालं, ओढच राहिली नाही, आणि रेडिएटरच्या झाकणातून वाफ यायला लागली. त्यानं मधे कुठंतरी लावून पाहिली, थोडा आवाज आला. पुन्हा थोडी वर, पुन्हा ओढ कमी. पट्टीवरचे आकडे झिजून गेले होते. त्यानं झिजल्या जागेवर बोट फिरवून पाहिलं. मग सेवादासला विचारलं की याच्या आधी गाडी कोण चालवायचं. सेवादासनं सांगितलं, मोठे मालक. ते वारले.

शालिग्राम पडद्याजवळ आला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "बाई, एक इचारतो. मालक चालवत होते तवा तुमी कुठी बसत होत्या?"

"समोर," गोजराबाई आतून म्हणाल्या. "त्यायच्या डावीकडे."

"मंग तुमाले दिसत असन. चढ आला का त्यायचा डावा हात काय करे?"

गुलाबराव जाऊन चौदा महिने झाले होते. या चौदा महिन्यांत गुलाबरावांच्या कपाटाची किल्ली कुठं आहे हे त्यांना घरच्यांनी विचारलं होतं, त्यांचे जोडे कुणाला द्यायचे हे विचारलं होतं. पण ते काय करत, कसं करत, हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी पडदा थोडा सारला आणि हात बाहेर काढून हवेत अंगठा वर सरकवून दाखवला.

"असं करत. अंगठ्यानं. दोन डाव टक टक वाजे. मोठा चढ असला त अखीन एक डाव."

"चढ लागल्यावर का त्याच्या आधी?"

"आधी. चढ दिसला का लगेच."

"अन् वर पोचल्यावर?"

"मंग खाली घेत. पन पुरी नाई, एक टक ठेवत. गाडीनं सपाटीवर जोर धरला का तेबी घेत." त्यांनी हात आत घेतला. "मले वाटे, सवय असन हाताची."

शालिग्रामनं पहिल्यांदा मान वर करून पाहिलं. म्हणाला, "सवय नोहे बाई. तेच काम होतं."

मग त्यानं दोघांनाही समजेल असं सांगितलं. झोका आपल्याकडे येत असतानाच कुणी त्याला समोरून ढकललं तर हाताला दणका बसतो. झोका येऊन थांबला, परत फिरायला लागला, तेव्हा ढकललं तर तो जोरात जातो. इंजिनाच्या आतला दट्ट्या असाच झोका आहे आणि ठिणगी म्हणजे ढकलणं. सपाटीवर दट्ट्या इतक्या वेगानं येतो की ठिणगी थोडी आधी पडलेली चालते, पडायलाच पाहिजे. चढावर इंजिन हळू होतं आणि ओझं वाढतं, तेव्हा ठिणगी मागं घ्यावी लागते. नाही घेतली तर प्रत्येक वेळी दट्ट्याला समोरून दणका बसतो. तोच आवाज. किती मागं घ्यायची ते प्रत्येक इंजिनाचं वेगळं असतं आणि चालवणाऱ्याच्या कानाला कळतं.

"बेअरिंगं अजून साबूत हायत," तो म्हणाला. "पन एकेक ठोका म्हंजे त्यायच्यावर हातोडा हाय. असंच चाललं असतं त वर्षभरात इंजिन फुटलं असतं."

चढावर नेऊन पाहणं भाग होतं. शालिग्रामनं गोजराबाईंना पुढं बसायची विनंती केली, कारण हाताची जागा त्यांनाच ठाऊक होती. सेवादास दुसरीकडे बघायला लागला. भर दिवसा, सडकेवर, मालेगावच्या वेशीजवळ. गोजराबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, खाली उतरल्या आणि पुढचं दार उघडून चौदा महिन्यांनी त्या जागेवर बसल्या. शालिग्राम बाहेरच्या पायरीवर उभा राहिला, एका हातानं टपाची दांडी धरून, कान इंजिनाकडे.

मोटार चढाच्या पायथ्यापर्यंत नेऊन वळवली. चढ समोर दिसला. सेवादासचे दोन्ही हात चाकावर घट्ट, खड्ड्यांमुळे त्याला दांडी सापडेना. गोजराबाईंनी उजवा हात लांबवला आणि अंगठ्यानं दांडी वर सरकवली. टक. टक. मोटार चढाला लागली. मधल्या उभ्या टप्प्यावर त्यांनी अजून एक दाता वर घेतली. सेवादासनं पेट्रोल वाढवलं. खडे वाजले नाहीत. इंजिन खालच्या, भरलेल्या आवाजात घुमत वर चढलं आणि वाफही आली नाही.

तो आवाज गोजराबाई ओळखत होत्या. सात वर्षं त्यांनी तोच ऐकला होता. उजवीकडे मान वळवायचं त्यांना धाडस होईना. कारण आवाज तोच, जागा तीच, समोरचा रस्ता तोच, पण चाकावरचे हात कोवळे, काळे, मनगटात चांदीचं कडं असलेले होते, आणि हे ठाऊक असूनही वळून पाहिल्यावर ते नव्यानं कळणार होतं. त्या समोर बघत राहिल्या. वर पोचल्यावर दांडी खाली घ्यायची त्यांना आठवण राहिली नाही. शालिग्रामनंच बाहेरून सांगितलं, "बाई, आता घ्या खाली."

छपरात परत आल्यावर त्यानं कानसेनं पट्टीवर तीन बारीक खुणा करून दिल्या, सेवादासला अंधारातही बोटाला लागाव्यात अशा. बसऱ्याच्या कारखान्यातल्या एक-दोन गोष्टी सांगितल्या. बोलायला कुणी मिळालेला माणूस जसा बोलतो तसा तो बोलत होता, थोडं जास्त, थोडं भराभर. निघताना गोजराबाई म्हणाल्या की पुढच्या महिन्यात येताना थांबू.

"कायले थांबसान?" तो म्हणाला. "बरी झालेली मोटार कोनी थांबवत नाई. निंगून जाते सनाट." आणि तो पेचकस पुसायला लागला.

पुढच्या महिन्यात त्या खरंच थांबल्या. पण छप्पर बंद होतं. शालिग्राम कुणाच्यातरी मोटारीसाठी रिसोडला गेला होता. त्याच्या पुढच्या महिन्यात थांबायची वेळच आली नाही.

कारण मोटार बरी झाल्याचं सगळीकडे पसरलं. सेवादासनंच तांड्यावर, स्टेशनावर कौतुकानं सांगितलं होतं. पौषात दौलतरावांना कारंज्याहून निरोप आला. तिथल्या एका कापसाच्या शेठला मोटार घ्यायची होती. तो स्वतः येऊन मोटार चढावर नेऊन बघणार होता.

आवाज होता तोवर मोटार कुणी घेत नव्हतं, हे गोजराबाईंच्या तेव्हा लक्षात आलं. आपणच तो घालवला.

शेठ यायच्या दिवशी सकाळी सेवादास मागच्या दाराशी आला. गोजराबाई मेथी निवडत बसल्या होत्या. तो उंबऱ्याबाहेर उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "बाई, चालवनार मीच हाय. दांडी खालीच राहू देतो. आवाज येईन, शेठ वापस जाईन. कोनाले काई समजनार नाई. तुमी फक्त हो म्हना."

गोजराबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली. त्यांना पातूरचा रस्ता आठवला, आईचं अंगण आठवलं. महिन्यातला तो एक दिवस गेला की उरलेले एकोणतीस दिवस कसे जातील तेही दिसलं. शालिग्राम हातोड्याचं बोलला होता, ते आठवलं. शेठ चांगले दोन-तीन मोठे चढ घेणार. मग दुसरं गिऱ्हाईक येईल, तिसरं येईल. प्रत्येकासमोर त्या इंजिनाला मार खायला लावायचा. ज्या माणसानं सात वर्षं त्याला एक ठोका बसू दिला नाही, त्याच्या इंजिनाला.

"नाई," त्या म्हणाल्या. "वर घे. चढ दिसला का लगेच, ते घेत तशी."

"मंग जाईन मोटार."

"जाऊ दे. पन मारू नको तिले."

शेठ आला, दौलतरावांना शेजारी बसवून सेवादासला मोटार जऊळक्याच्या चढावर न्यायला लावली, परत आणली. मोटार पसंत पडली. ती सेवादाससकट कारंज्याला जाणार असं ठरलं, कारण शेठकडे ड्रायव्हर नव्हता. निघायच्या आधी गोजराबाई बाहेर आल्या. शेठच्या देखत त्यांनी सेवादासकडून दांडीचं सगळं एकदा वदवून घेतलं, कधी वर, किती दाते, कधी खाली. शेठ जरा चकित होऊन ऐकत होता. मग मोटार गेली. मुलं वेशीपर्यंत मागं धावली.

संध्याकाळी दौलतराव त्यांच्या खोलीच्या दाराशी आले. इतक्या महिन्यांत ते पहिल्यांदाच आले होते. चौकटीला धरून उभे राहिले.

"वहिनी, तुमाले राग आला असन," ते म्हणाले.

गोजराबाईंनी हातातली वात खाली ठेवली.

"सकाळी उठून दार उघडलं का ते मोटार दिसे. मले वाटे दादा घरातच हाय, आता चाबी घेऊन बाहेर येईन. रोज वाटे. वरीसभर वाटलं." त्यांनी चौकटीवरचा हात काढला. "म्हनून इकली. दुसरं काई नाई."

गोजराबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. एका छपराखाली, भिंतीच्या दोन बाजूंना, दोघंही एकाच माणसाची वाट पाहत होते आणि त्यांनी ते एकमेकांना कधी सांगितलं नव्हतं. गोजराबाईंना वाटलं, आता काहीतरी बोलावं. पण त्याआधीच दौलतराव म्हणाले की पातूरला जायचं असलं तर छकडा जुंपून देईन, केव्हाही सांगा. मग ते गेले.

छकड्यानं त्या एकदाच गेल्या. गाडीवान सोमला म्हातारा आणि कमी बोलणारा. जायला दोन दिवस लागले, मेडशीच्या धर्मशाळेत मुक्काम करावा लागला, आणि पोचल्यावर आईपाशी धड अर्धा दिवस बसता आलं नाही तोच बैल परत जुंपायची वेळ झाली. त्यानंतर त्यांनी छकडा मागितला नाही. माघ गेला, फाल्गुन गेला.

चैत्रात एका दुपारी सेवादास जऊळक्याहून चालत आला. तांड्यावर कुणाचंतरी लग्न होतं, चार दिवसांची सुट्टी काढून आला होता. गोजराबाईंनी त्याला ओसरीवर बसवलं, भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. तो जेवला. म्हणाला की मोटार चांगली आहे, आवाज नाही, शेठ आता स्वतःच दांडी ओढायला शिकला. गोजराबाई बरं म्हणाल्या. मोटारीचं तेवढंच सांगण्यासारखं होतं. ते संपल्यावर त्यानं तांब्यातल्या पाण्यानं हात धुतले. मग विचारलं, "पातूरले जाता का बाई?"

"जाईन या महिन्यात. सर्व्हिस मोटारनं."

सेवादास चपापला. त्यांच्या घरची बाई तिकीट काढून परक्या लोकांबरोबर सर्व्हिस मोटारीत बसून गेल्याचं त्यानं ऐकलं नव्हतं. मग म्हणाला की त्या मोटारीवर त्याच्या ओळखीचा हेमला असतो, त्याला सांगून पुढची जागा धरून ठेवतो.

"नको," गोजराबाई म्हणाल्या. "कोनाले सांगू नको. जागा भेटन तिथी बसीन."

त्यांनी दौलतरावांना सांगितलं तेव्हा ते नको म्हणतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "एकट्या?" आणि मग, मालेगावपर्यंत सोमला सोडून देईल म्हणाले.

सर्व्हिस मोटार खच्चून भरलेली होती. गोजराबाईंना मागच्या बाकावर, भाजीच्या टोपल्या आणि एका बकरीच्या शेजारी जागा मिळाली. मेडशी गेली, घाट उतरला. वाटेत कुणी त्यांच्याशी बोललं नाही आणि त्याही कुणाशी बोलल्या नाहीत. पातूरच्या नाक्यावर सगळ्यांबरोबर त्या उतरल्या, बोचकं काखेत घेऊन.

उतरल्यावर मात्र त्यांना कळलं की भावाचं घर कुठं आहे हे आपल्याला ठाऊक नाही. इतकी वर्षं मोटार थेट दारापाशी जाऊन थांबायची. आधी नवरा न्यायचा, मग सेवादास, मग छकडा. गावात शिरल्यावर कुठल्या गल्लीतून वळतात हे त्यांनी कधी लक्ष देऊन पाहिलंच नव्हतं. त्या एका दिशेनं थोड्या चालल्या, परत आल्या, दुसऱ्या दिशेनं गेल्या. ऊन चढलं होतं. एका लिंबाखाली कांद्याची पात विकत बसलेल्या बाईला त्यांनी मास्तरांचं घर विचारलं.

"कोनते मास्तर?" बाई म्हणाली. "दोन-तीन हायत. तू कोनाची, बाई?"

नवऱ्याचं नाव इथं कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं, दिराचंही नाही, गावाचंही नाही.

"ललिताबाईची," त्या म्हणाल्या. "ललिताबाईची लेक मी."

"म्हातारी ललिताबाई? अवो, मंग इकडे कुठी निंगाली? मारुतीच्या मांगून जाय. दुसरं घर."

गोजराबाईंनी बोचकं या काखेतून त्या काखेत घेतलं आणि मारुतीच्या देवळाकडे निघाल्या.